कारखाना बंद, गाडी चालू

जावा आणि येझदी मोटारसायकली चालवणाऱ्यांचं वर्ष जुलैच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतं. आंतरराष्ट्रीय जावा-येझदी दिवस म्हणून तो देशभर पाळला जातो. बेंगळुरू, म्हैसूर, पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत भल्या सकाळी एखाद्या मैदानावर किंवा मोठ्या रस्त्याच्या कडेला गाड्या जमू लागतात. मरून रंगाची, क्रोमच्या टाकीची जावा, काळी रोडकिंग, क्वचित एखादी येझदी ३५० ट्विन. निळसर धूर, जळलेल्या टू-टी ऑइलचा वास आणि तो रिकाम्या डब्यासारखा घुमणारा आवाज. गाड्यांइतकीच त्यांच्याभोवतीची माणसं बघण्यासारखी असतात. सत्तरीतले निवृत्त मास्तर, विशीतली कॉलेजची पोरं, हाताला कायमचं काळं लागलेले मिस्त्री, सगळे एकमेकांच्या इंजिनापाशी उकिडवे बसलेले.

हा दिवस पावसाळ्यात येतो हे विशेष. टू-स्ट्रोक गाडीचा खरा शत्रू ओल. इग्निशनच्या पॉइंटवर बाष्प धरलं की ठिणगी पडत नाही, आणि ठिणगी नाही तर कितीही किक मारा, गाडी गप्पच. तरीही लोक ऐन पावसात गाड्या बाहेर काढतात. यात हौस आहे, आणि आपली गाडी अजून भर पावसात धावते हे दाखवण्याचा अभिमानही आहे.

तो अभिमान समजून घ्यायचा तर थोडं मागं जावं लागेल. जावा मूळची झेकोस्लोव्हाकियाची. १९२९ मध्ये फ्रांतिशेक यानेचेक यांनी प्रागमध्ये कंपनी सुरू केली. पन्नाशीच्या दशकात मुंबईच्या आयडियल मोटर्सनं या गाड्या भारतात आणल्या. पुढे रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना उभारला आणि १९६१ पासून तिथं गाड्या बनू लागल्या. १९७३ मध्ये नाव बदलून येझदी झालं. १९७८ ला रोडकिंग आली. २५० सीसीचं एक सिलेंडर, पण त्याला दोन बाजूंना दोन सायलेन्सर, त्यामुळे गाडी मागून बघितली की डबल सिलेंडरची वाटे. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. प्रदूषणाचे नियम कडक होत होते, शंभर सीसीच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी धाटणीच्या गाड्यांनी बाजार व्यापला होता, आणि कामगारांचे तंटेही होते.

कारखाना बंद पडला की काय होतं, हे ज्यांच्या घरी अशी गाडी होती त्यांना विचारा. आधी शोरूम जातं, मग सर्व्हिस सेंटर, मग पार्ट मिळेनासे होतात. दोन-चार वर्षं मिस्त्री जुन्या गाडीचे भाग काढून नव्या गाडीला लावतो. शेवटी गाडी भंगारात जाते. देशातल्या कितीतरी गाड्यांचं असंच झालं. जावा-येझदीचं पूर्णपणे तसं झालं नाही, याचं श्रेय मी या गाड्यांच्या मालकांनी चालवलेल्या क्लबांना देतो. राइड, टी-शर्ट, स्टिकर, झेंडा हे वरवरचं. आत डोकावलं तर क्लब म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याचा सर्व्हिस विभाग आहे, जो लोकांनी स्वतःच्या खिशातून तीस वर्षं चालवला. त्यांच्या वर्षभराकडे त्या नजरेनं बघायला हवं.

पावसाळ्यातल्या राइडचं उदाहरण घेऊ. नागपूरकडच्या दुचाकीवाल्यांचा या दिवसांतला एक ठरलेला रस्ता म्हणजे उमरेड, भिवापूर, पवनी आणि पुढे गोसीखुर्द. एका दिवसात जाऊन येण्यासारखा. उमरेड सोडलं की कऱ्हांडल्याचं जंगल लागतं. इथे शहाणा क्लब हॉर्न वाजवत नाही आणि विनाकारण रेस करत नाही, कारण हे वाघांचं अभयारण्य आहे. भिवापूर मिरचीचं गाव. पवनी त्याहून जुनं, इथल्या जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला. आणि मग वैनगंगेवरचं ते साडेअकरा किलोमीटरच्या आसपास लांबीचं धरण, तेहतीस दरवाजांचं.

गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. तेव्हा म्हैसूरच्या कारखान्यातून येझदी बाहेर पडत होत्या. धरणात पाणी अडू लागलं तोवर कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला ३७२ कोटींचा असलेला हा प्रकल्प पुढे हजारो कोटींवर गेला, राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली कित्येक गावं पाण्याखाली गेली. त्या गावांतून तालुक्याला जाणारे जुने रस्ते आज नकाशावर उरलेले नाहीत. राइडला आलेल्या पोरांनी दरवाजांसमोर फोटो काढण्याआधी पुनर्वसनाच्या एखाद्या नव्या गावठाणात चहा घ्यावा, तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलावं. गाडी बघून ते आपणहून जवळ येतात. "आमच्या पाटलाकडं होती जी अशीच," असं कुणीतरी म्हणतंच, आणि मग गाडीच्या निमित्तानं बुडालेल्या गावाची गोष्ट निघते.

वैनगंगेला पूर असताना मात्र या रस्त्यावर जाऊ नये. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि भंडारा शहरात पूर शिरला, चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत गावं वेढली गेली. दरवाजे उघडलेले बघायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. चांगल्या क्लबचा प्रमुख अशा वेळी राइड रद्द करतो आणि कुणाची नाराजी मनावर घेत नाही.

राइडचे नियमही गाडीवरून ठरतात. पुढे लीड, मागे स्वीप, मधले एकाआड एक डावी-उजवी बाजू धरून. हे सगळ्या क्लबांत असतं. जावाच्या क्लबात यात एक भर आहे: वेग ताफ्यातल्या सर्वात म्हाताऱ्या गाडीचा. ती पन्नासवर चालत असेल तर सगळे पन्नासवर. आणि एक गाडी थांबली की सगळ्या थांबतात. पाना, फिलर गेज, जादा प्लग, क्लच केबल, चेनची कडी, कंडेन्सर, तांब्याची तार इतकं सामान स्वीपच्या डिकीत असतं. रस्त्याच्या कडेला प्लग काढून ठिणगी बघणं, पॉइंटमधलं अंतर ०.४ मिलिमीटरवर आणणं, काळा पडलेला पॉइंट पॉलिश पेपरनं घासणं, या गोष्टी नवा मुलगा इथे शिकतो. कुठल्याही आयटीआयच्या अभ्यासक्रमात आज ही गाडी नाही. तिचं शिक्षण पळसाच्या सावलीत, दहा जणांच्या दहा मतांतून होतं.

हे यंत्र शिकायला सोपं आणि समजायला खोल आहे. गिअरची आणि किकची दांडी एकच. गिअर टाकायची तीच दांडी आत दाबून वर फिरवली की किक होते, आणि गाडी चालू झाली की परत गिअरच्या जागी येते. गिअर टाकताना दांडीवर पाय दिला की क्लच आपोआप सुटतो, म्हणून क्लचची केबल तुटली तरी सराईत माणूस घरी पोहोचतो. वेगळं इंजिन ऑइल नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला तीस-चाळीस मिली. पिस्टन, रिंग आणि क्रँकच्या बेअरिंगचं सगळं वंगण त्यावर. व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत. फिरणारे भाग इतके कमी की दोन पाने आणि एक पेचकस असला तर निम्मं इंजिन झाडाखाली उघडता येतं. आजच्या बंद डब्यासारख्या इंजिनांकडे बघून मला हे मोठं वैभव वाटतं. मालकाला आपल्या यंत्राचं पोट उघडून बघण्याचा हक्क होता.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात गावोगावी मंडई आणि रात्री नाटक, वडसा हे त्या रंगभूमीचं मोठं केंद्र. शेतात धानाचे पुंजणे रचलेले, हवेत गारवा, रस्ते कोरडे. विदर्भात दुचाकीवर फिरायला याहून चांगले दिवस नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातले क्लब याच सुमारास गोव्याकडे वळतात, तिथे बुलेटवाल्यांचा आणि इतर दुचाकीवाल्यांचा मोठा मेळा भरतो. तिथे झगमगाट असतो, कंपन्यांचे मंडप असतात. मला मंडईच्या कडेला उभी असलेली एकटी येझदी जास्त आवडते, जिच्याभोवती दहा मिनिटांत अख्खा पार जमतो.

डिसेंबर-जानेवारी हा आंभोऱ्याचाही हंगाम. वैनगंगा, कन्हान, आम, कोलारी, मुरझा अशा पाच नद्यांचा हा संगम, आद्यकवी मुकुंदराजांशी जोडलेलं स्थान. गोसीखुर्दच्या फुगवट्यावर इथे केबलच्या आधाराचा नवा पूल झालाय. पूर्वी जिथे रस्ता संपायचा आणि नाव धरावी लागायची, तिथून आता दुचाकी सरळ भंडाऱ्याच्या बाजूला उतरते.

थंडी सरली की गाड्या उघडायच्या. इथे क्लबचं खरं काम सुरू होतं आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही. सायलेन्सरमधला कार्बन जाळून काढणं, सिलेंडर हेडचा कार्बन खरवडणं, घासलेला सिलेंडर बोअर करून वरच्या मापाचा पिस्टन बसवणं. पिस्टन कुठला? एकाकडे जुना साठा, दुसऱ्याकडे पुण्याच्या नाना पेठेतून आणलेला, तिसऱ्यानं लेथवर करून घेतलेला. चेक प्रजासत्ताकात जुन्या जावाचे भाग आजही बनतात. पण म्हैसूरच्या गाडीत पुढे पुष्कळ बदल झाले होते, त्यामुळे तिकडचा प्रत्येक भाग इकडे बसत नाही. कुठला बसतो, कुठला किती घासावा लागतो, याची माहिती कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. ती माणसांकडे आहे आणि त्यातली बरीच माणसं आता वयानं थकली आहेत. एखादा जुना मिस्त्री गेला की क्लबचं जे नुकसान होतं ते मोजता येत नाही. म्हणून काही क्लब आता मिस्त्रींना बसवून काम करतानाचं चित्रीकरण करतात. प्रत्येक क्लबनं हे करावं.

१५ नोव्हेंबर २०१८ रोजी महिंद्राच्या पाठबळावर क्लासिक लेजंड्सनं जावा हे नाव पुन्हा बाजारात आणलं. रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी या कंपनीच्या संस्थापकांपैकी. जानेवारी २०२२ मध्ये येझदीही आली. या गाड्या फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणाऱ्या, सेल्फ स्टार्टच्या. त्यांना क्लबात घ्यावं का यावर बरेच वाद झाले. माझ्या मते घ्यावं. नवी गाडी घेणारा पंचविशीचा मुलगाच उद्या आजोबांची गाडी उघडायला येणार आहे.

बायकांचा प्रश्न मात्र इतका सहज सुटलेला नाही. पुण्यात २०११ मध्ये उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी 'बायकरनी' ही फक्त महिला दुचाकीस्वारांची संस्था सुरू केली आणि ती देशभर पसरली. जुन्या गाड्यांच्या क्लबांत मात्र बायका अजून फार कमी दिसतात. किक जड असते हे कारण पुढे केलं जातं. जावाची किक वजनानं मारायची नसते, पिस्टन योग्य जागी आणून मारायची असते, हे क्लबातला प्रत्येक जण जाणतो. तेव्हा ते कारण टिकत नाही.

मार्च-एप्रिल कागदपत्रांचे महिने. पंधरा वर्षांनंतर गाडीची फेरनोंदणी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या फेरनोंदणीची फी ३०० वरून १००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकींसाठी ती २००० झाली. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेजचा दर्जा आणि 'व्हीए' अक्षरांची नोंदणी दिली. पण नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि रोजच्या वापराला मनाई. म्हणजे १९७१ ची जावा शेतावर न्यायची असेल तर हा दर्जा घेऊन चालत नाही. सरकारला प्रदूषणाची काळजी असणं योग्यच आहे. पण वर्षाला हजारभर किलोमीटर फिरणाऱ्या, निगुतीनं राखलेल्या गाडीला रोज धावणाऱ्या भंगार गाडीच्या रांगेत उभं करू नये. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल ओल ओढतं, जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले वायसर खातं. क्लबवाले नळ्या बदलतात, टाकी रिकामी ठेवत नाहीत, उभ्या गाडीत जुनं पेट्रोल राहू देत नाहीत.

मे महिन्यात आमच्याकडे गाडी चालवणं हे धाडस. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात हवेनं थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन ऑइल जरा कमी पडलं तर पिस्टन धरतं आणि मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. म्हणून उन्हाळ्यात राइड पहाटे चारला निघते आणि नऊच्या आत घरी येते. चढावर आवाज बदलला की क्लच दाबायचा, झाडाखाली थांबायचं आणि इंजिन आपसूक निवू द्यायचं. पाणी ओतायचं नाही, सिलेंडरला तडा जातो.

आणि याच दिवसांत गावोगावी जुन्या गाड्या सापडतात. पेरणीआधी कोठे साफ होतात, तणस हलवलं जातं, आणि खाली वीस वर्षं पडलेली एखादी रोडकिंग निघते. भंगारवाला वजनावर भाव करतो आणि संध्याकाळपर्यंत ती कापली जाते. तुमच्या कोठ्यात, वाड्यात, मामाच्या पडवीत अशी गाडी असेल तर ती विकण्याची घाई करू नका. आधी आरसी पुस्तक शोधा. इंजिन आणि चासीचा नंबर कपड्यानं पुसून त्याच्याशी ताडून बघा. आजोबांच्या नावावर असेल तर वारस म्हणून नाव लावून घ्या. प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या, जबरदस्तीनं किक मारू नका. मग जवळच्या शहरातल्या जावा-येझदीवाल्यांना निरोप धाडा. ते येतील, आणि येताना पाने घेऊन येतील.