हृदयाची झडप आणि एक चिमटा

लोहाराच्या भात्याला आतून कातड्याची एक झडप असते. भाता फुगला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत शिरते. भाता दाबला की ती घट्ट मिटते आणि सारी हवा नळीवाटे निखाऱ्यांकडे जाते. ती झडप फाटली, तर लोहाराने कितीही जोर लावला तरी पुष्कळशी हवा आल्या वाटेने परत जाते आणि भट्टी नीट पेटत नाही. प्राण्याचे हृदय हाही असाच एक भाता होय. मात्र तो हवेऐवजी रक्त ढकलतो आणि त्याला विसावा म्हणून ठाऊक नसतो. कुत्र्याचे हृदय दिवसाकाठी लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते.

माणसाप्रमाणेच कुत्र्याच्या हृदयातही चार कप्पे असतात. फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त प्रथम डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येते. ह्या कप्प्याला डावी कर्णिका म्हणतात. तेथून ते खालच्या कप्प्यात, म्हणजे डाव्या जवनिकेत उतरते. आणि जवनिका आकुंचन पावली की ते सर्व शरीरात जाते. ह्या दोन कप्प्यांमधील दाराशी दोन पाकळ्यांची एक झडप असते. बारीक पण चिवट तंतूंनी ह्या पाकळ्या जवनिकेच्या भिंतीतील स्नायूंशी बांधलेल्या असतात, म्हणून रक्ताच्या दाबाने त्या वरच्या बाजूला उलटत नाहीत.

वय वाढू लागले की पुष्कळ कुत्र्यांच्या, विशेषतः लहान चणीच्या जातींतील कुत्र्यांच्या, ह्या पाकळ्या जाड व वेड्यावाकड्या होतात. त्यांच्या कडा एकमेकींना नीट भिडत नाहीत. कधी एखादा तंतूही तुटतो. मग प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त उलट दिशेने कर्णिकेत शिरते. कुत्र्यांच्या हृदयविकारांत हाच विकार सर्वांत अधिक आढळतो. पशुवैद्याने छातीवर स्टेथॉस्कोप लावला की त्याला ठोक्याबरोबर फुसफुसल्यासारखा आवाज ऐकू येतो. विकार बळावला की फुप्फुसांत पाणी साठते, कुत्र्याला धाप लागते आणि त्याचा जीव धोक्यात येतो. मुक्या प्राण्याला आपले दुखणे सांगता येत नाही. परंतु त्याचा श्वास ते सांगतो. शांत झोपलेला निरोगी कुत्रा साधारणपणे मिनिटाला 30 हून कमी वेळा श्वास घेतो. ही संख्या वाढू लागली, तर त्याला वेळीच पशुवैद्याकडे नेले पाहिजे.

औषधांनी फुप्फुसांतील पाणी उतरते आणि हृदयाला बळ मिळते, पण बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. झडप दुरुस्त करायची तर हृदय उघडावे लागते आणि तेवढा वेळ त्याचे काम यंत्राकडे सोपवावे लागते. असे यंत्र वापरून माणसावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकेतील डॉ. जॉन गिबन यांनी 1953 साली केली. पुढे कुत्र्यांवरही अशा शस्त्रक्रिया होऊ लागल्या. जपानमधील मासामी उएची यांचे नाव ह्या कामासाठी प्रसिद्ध आहे. तथापि हे काम अतिशय अवघड असून ते जाणणारे शल्यवैद्य जगात मोजकेच आहेत.

मग हृदय न थांबवता झडप सुधारता येईल काय? ह्याचे उत्तर एका साध्या कल्पनेतून मिळाले. 1991 साली इटलीतील शल्यवैद्य ओत्ताव्हिओ आल्फिएरी यांनी एका रुग्णाच्या झडपेच्या दोन्ही पाकळ्या मधोमध टाक्याने जोडल्या. दाराची दोन्ही कवाडे मध्ये बांधली तर दार बंदच होईल, असे आपल्याला वाटेल. परंतु जोडाच्या दोन्ही बाजूंना फटी राहतात. त्यांतून रक्त पुढे जाते आणि कडा जवळ आल्यामुळे मागे फिरणारे रक्त कमी होते. पुढे टाक्याच्या जागी चिमटा आला. 2003 साली तो नलिकेवाटे प्रथमच माणसाच्या हृदयात बसवण्यात आला.

कुत्र्याचे हृदय लहान, म्हणून त्याच्यासाठी निराळा, छोटा चिमटा हवा होता. तो चीनमधील शांघाय येथे तयार झाला. अमेरिकेतील कोलोराडो राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयातही 2022 सालापर्यंत त्याचा उपयोग सुरू झाला होता. कुत्र्याला भूल देऊन छातीच्या डाव्या बाजूस, दोन बरगड्यांच्या मध्ये, लहानसा छेद घेतात. तेथून हृदयाच्या टोकातून एक बारीक नलिका आत सारतात आणि तिच्यावाटे चिमटा झडपेपर्यंत नेतात. अन्ननलिकेत सोडलेले ध्वनिलहरींचे उपकरण धडधडत्या हृदयाचे चित्र पडद्यावर दाखवीत असते. क्ष-किरणांचीही मदत घेतात. दोन्ही पाकळ्या चिमट्यात नेमक्या आल्या की तो मिटवतात आणि नलिका काढून घेतात. एवढा वेळ हृदय आपले काम करीतच असते.

ह्या उपायालाही मर्यादा आहेत. प्रत्येक कुत्र्याच्या झडपेवर चिमटा बसतोच असे नाही. गळती कमी झाली तरी पुष्कळदा थोडी उरते. शिवाय हा उपाय खर्चिक असून थोड्याच रुग्णालयांत मिळतो.

हृदयावरील शस्त्रक्रियेच्या इतिहासात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. 1944 साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, जन्मतः हृदयदोष असलेल्या निळसर पडणाऱ्या बालकांसाठी एक नवी शस्त्रक्रिया झाली. व्हिव्हियन टॉमस यांनी ती आधी कुत्र्यांवर करून पाहिली होती. त्यांतून वाचलेल्या ॲना नावाच्या कुत्रीचे चित्र पुढे त्या संस्थेत लावण्यात आले. कुत्र्यांनी आपल्या देहाचे मोल देऊन माणसाला जी विद्या मिळवून दिली, ती आता त्यांच्याच हृदयाला आधार देऊ लागली आहे. हे ऋण फार जुने आहे आणि त्याची फेड आता कोठे सुरू झाली आहे.