व्हिसेऱ्यात न सापडलेलं विष

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर प्रेत लागलं की बातमीतलं शेवटचं वाक्य ठरलेलं: व्हिसेरा राखून ठेवला आहे. जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडवून प्रयोगशाळेकडे जातात, आणि अहवालात येईल तोच मृत्यूच्या क्षणीचा आकडा असं पोलिसांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे धरून चालतात. तो तसा नसतो. हृदय थांबलं की पेशी फुटू लागतात, रक्त आम्लधर्मी होतं, आणि फुफ्फुसांत, यकृतात, हृदयाच्या स्नायूत साठलेलं औषध शेजारच्या रक्तात पाझरतं. हृदयविकारावरचं डिगॉक्सिन किंवा नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलिन हृदयातल्या रक्तात मांडीच्या शिरेतल्या रक्तापेक्षा कितीतरी जास्त भरू शकतं. नेमून दिलेल्या गोळ्या घेणारा रुग्ण मग कागदावर आत्महत्या करणारा ठरतो. कोकेनचं उलट, ते मृत्यूनंतरही विरत राहतं. झोपेचं औषध नायट्राझेपाम जंतूच फस्त करतात, आणि कुजत्या देहात मद्यार्क तयार करणारेही जंतूच. न्यायवैद्यक तज्ज्ञ पाउंडर आणि जोन्स यांनी 1990 मध्ये मृत्यूनंतर औषधाच्या अशा जागा बदलण्याला विषशास्त्राचं दुःस्वप्न म्हटलं, ते उगाच नव्हे.

मृतदेह कधी चुकीचं सांगतो, तसा कधी काहीच सांगत नाही; आपल्याकडे त्याच्या या अबोलपणाशी न्यायालयाची गाठ त्याआधीच पडली होती. नोव्हेंबर 1956 मध्ये पुण्याच्या श्रीमंत विधवा लक्ष्मीबाई कर्वे यांना डॉ. अनंत चिंतामण लागू रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन निघाले. गाडी मुंबईत पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात खोट्या नावाने दाखल केलं, आणि त्याच सकाळी त्या गेल्या. प्रेत बेवारस पडून राहिलं. शवविच्छेदन झालं ते दहा दिवसांनी. रासायनिक विश्लेषकाला विष सापडलं नाही. मृत्यूचं कारण मधुमेही बेशुद्धी असं नोंदलं गेलं. मग बाईंच्या नावाने पत्रं येत राहिली: त्यांनी म्हणे दुसरं लग्न केलं होतं. त्यांची मालमत्ता मात्र डॉक्टरांकडे सरकत होती.

लागूंवर विष देऊन खून केल्याचा खटला चालला, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1959 मध्ये त्यांची फाशी कायम केली. बहुमताच्या वतीने न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिलं, न्या. सरकार यांनी भिन्नमत नोंदवलं, कारण मृत्यू अनैसर्गिक होता याचीच त्यांना खात्री पटली नव्हती. हा आक्षेप हलका नाही: विष न सापडताही फास बसणार असेल, तर कोणता निर्दोष डॉक्टर सुरक्षित? तरी बहुमताची बाजू मला बळकट वाटते. न सापडणं म्हणजे न दिलेलं असणं नव्हे. काही विषं देहात विरतात, काही त्या काळच्या परीक्षांच्या हाती लागणारी नव्हती, आणि कोणती सापडतील हे डॉक्टरइतकं कोणाला ठाऊक? मात्र रसायनशास्त्राच्या मौनाला तिथे गुन्हा ठरवलं नाही. गुन्हा ठरवला खोट्या नावाने, बनावट पत्रांनी, पैशाच्या वाटेने.

यावर कोणी म्हणेल, मग प्रयोगशाळा हवीच कशाला? इंग्लंडच्या हॅरोल्ड शिपमन या डॉक्टरच्या बळींची पुरलेली प्रेतं उकरली तेव्हाही त्यांत मॉर्फिन सापडलं होतं, म्हणजे देह नेहमीच मुका राहतो असं नाही. फक्त आकड्याला जागा आणि वेळ जोडलेली हवी. वरच्या बाजूने शीर बांधून मांडीतलं रक्त घ्यावं, त्यात सोडियम फ्लोराइड घालावं, नमुना कुठला आणि मृत्यूनंतर किती तासांनी घेतला ते लिहावं. दोन दिवस खाडीत राहिलेल्या देहात असं रक्त बहुधा मिळतच नाही. तिथे यकृतावरून 'औषध आढळलं' एवढं सांगता येतं. किती गोळ्या घेतल्या होत्या, हे सरकारी वकिलाने त्या कागदावरून काढू नये, आणि बचावाच्या वकिलानेही नाही.