मोटारसायकल : पुढील सस्पेन्शनची उंची कमी करणे

दूरच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारसायकलीचा पुढील भाग मूळ उंचीपेक्षा काही मिलिमीटरांनी खाली आणण्याकरिता पुढच्या चिमट्याच्या जोडणीत किंवा अंतर्रचनेत करावयाचा बदल. बैठक उंच असल्यामुळे ज्याचे पाय जमिनीवर पुरते टेकत नाहीत अशा चालकास वजनदार मोटारसायकल उतारावर किंवा खडीवर थांबविताना तोल सांभाळणे अवघड जाते. त्यामुळे हा बदल घरच्या घरी करण्याकडे पुष्कळांचा कल असतो. लागणारी हत्यारे थोडी व काम वरकरणी सोपे असले, तरी त्यामुळे केवळ उंची बदलत नाही, तर वाहनाची सर्व भूमिती बदलते.

रचना : बहुतेक मोटारसायकलींचा पुढचा चिमटा दूरदर्शकाप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या दोन पायांचा असतो. प्रत्येक पायात सामान्यतः स्प्रिंग व तेल असते. स्प्रिंग वजन पेलते व धक्का झेलते, तर बारीक छिद्रांतून ढकलले जाणारे तेल स्प्रिंगेचे हेलकावे शमविते. या क्रियेस संदमन म्हणतात. डेन्मार्कमधील निंबस मोटारसायकलीला १९३४ मध्ये असा चिमटा होता. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यू आर १२ व आर १७ या जर्मन मोटारसायकलींत तेलाच्या संदमनाची जोड असलेला चिमटा आला. दोन्ही पाय वरच्या व खालच्या अशा दोन क्लॅम्पांत बोल्टांनी आवळलेले असतात आणि हे क्लॅम्प चौकटीच्या शीर्षनळीभोवती हँडलाबरोबर वळतात.

भूमिती : शीर्षनळी उभ्या रेषेशी काही अंशांचा कोन करून मागे कललेली असते. तिच्या मध्यातून जाणारी रेषा खाली वाढविल्यास ती चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या पुढे जमिनीस मिळते. या दोन बिंदूंमधील अंतरास ट्रेल म्हणतात. ट्रेलमुळे वळलेले चाक आपोआप सरळ येऊ पाहते व वेगात वाहन स्थिर राहते. पुढील भाग खाली गेला की शीर्षनळीचा कल कमी होतो आणि त्याबरोबर ट्रेलही घटते. हँडल हलके होते, वळणे सोपे वाटते. परंतु महामार्गावर आडव्या वाऱ्यात किंवा खडबडीत पृष्ठभागावर हँडल थरथरण्याची शक्यता वाढते. जोरात ब्रेक लावल्यावर चिमटा दबून कल आणखी कमी होतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

उदा., दोन्ही आसांमधील अंतर १,५०० मिमी., शीर्षनळीचा कल २६°, चाकाची त्रिज्या ३१० मिमी. व आसाचे शीर्षनळीच्या रेषेपासूनचे अंतर ४० मिमी. असल्यास ट्रेल सु. १०७ मिमी. येते. नळ्या क्लॅम्पांतून २५ मिमी. वर सरकविल्यास पुढील भाग सु. २२ मिमी. खाली येतो, कल २५° च्या किंचित वर राहतो व ट्रेल सु. १०१ मिमी. होते. मात्र बैठक मागच्या आसाच्या पुढे एक-तृतीयांश अंतरावर असल्यास ती केवळ सु. ७ मिमी. खाली येते. म्हणजे स्थिरता बरीच खर्च होते आणि पायांना मिळणारा लाभ अल्प असतो. मागील भागही त्याच प्रमाणात खाली आणल्यास मात्र कल जवळजवळ कायम राहतो व बैठक पूर्ण २२ मिमी. उतरते. सामानाच्या पेट्या व मागे बसणारी व्यक्ती यांच्या भाराने मागील भाग दबून कल वाढत असल्यामुळे मोजमापे रिकाम्या व भारित अशा दोन्ही अवस्थांत घ्यावी लागतात.

पद्धती : पहिल्या पद्धतीत नळ्या क्लॅम्पांतून वर सरकविल्या जातात. चिमट्याची हालचाल तेवढीच राहते; परंतु पूर्ण दबलेल्या अवस्थेत टायर किंवा मडगार्ड खालच्या क्लॅम्पाच्या अथवा रेडिएटरच्या तितकेच अधिक जवळ येते. म्हणून चिमटा पूर्ण ताणलेला असताना त्यांमधील फट चिमट्याच्या रेषेत मोजून तीतून चिमट्याची एकूण हालचाल वजा करतात. फट २४० मिमी. व हालचाल २०० मिमी. असल्यास ४० मिमी. उरतात, २५ मिमी. उतरविल्यावर १५ मिमी.च राहतात. चिखल व टायरचा फुगवटा यांसाठी काही जागा मोकळी राहणे आवश्यक असते.

दुसऱ्या पद्धतीत चिमटा उघडून संदमन दांड्यावर नळीचा तुकडा बसवितात, त्यामुळे चिमटा पूर्ण लांबीपर्यंत ताणला जात नाही. येथे हालचालच कमी होत असल्याने स्प्रिंगेवरील पूर्वदाब पुन्हा जुळवावा लागतो आणि बहुधा अधिक ताठ स्प्रिंग घालावी लागते. हे काम अनुभवी कारागिराकडून करून घेणे इष्ट होय.

कृती : पहिल्या पद्धतीत वाहन मधल्या स्टँडवर घेऊन मागील बाजू बांधतात व इंजिनाखाली जॅक लावून पुढचे चाक जमिनीपासून किंचित उचलतात. वरच्या क्लॅम्पावर दिसणारी नळ्यांची उंची दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवतात. एका वेळी एकाच पायाचे बोल्ट सैल करून ती नळी ५ ते १० मिमी. सरकवितात व पुन्हा आवळतात, मग दुसरी. दोन्ही बाजूंची उंची तंतोतंत सारखी असावी लागते, अन्यथा आस तिरपा होऊन चिमटा अडखळतो. यानंतर आसाचे आवळबोल्ट सैल करून वाहन जमिनीवर उतरवितात, चिमटा काही वेळा दाबून सोडतात आणि मग ते बोल्ट आवळतात. सर्व बोल्ट उत्पादकाने दिलेल्या मापाइतकेच टॉर्क पान्याने आवळावे लागतात. अधिक आवळल्यास नळी चेपते, कमी आवळल्यास ती सरकते.

शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकची नळी व वायरी ताणल्या जात नाहीत, तसेच वर आलेल्या नळ्या हँडलास अडत नाहीत, हे पाहतात. दिव्याचा झोत वरील उदाहरणात १० मी. अंतरावर सु. १५ ते १७ सेंमी. खाली येतो, म्हणून तो पुन्हा जुळवितात. साइड स्टँड तुलनेने लांब ठरून वाहन जवळजवळ सरळ उभे राहते व कलंडू शकते. इंजिनाखालील जागा व वळणावर कलण्याची मर्यादाही घटते. प्रथम चाचणी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात व सामानाविना घेतात.

मर्यादा : सर्व मोटारसायकलींना ही कृती लागू पडत नाही. बीएमडब्ल्यूने १९९३ मध्ये आणलेली टेलिलिव्हर रचना आणि होंडा गोल्ड विंगच्या २०१८ च्या प्रतिमानातील जुळ्या भुजांची रचना यांत नळ्या सरकवून उंची अशी बदलता येत नाही. वरच्या क्लॅम्पावरच बसविलेले हँडल किंवा निमुळती नळी असल्यासही वाव थोडा असतो.

पर्यायी उपायांत कमी उंचीची किंवा पुढे अरुंद असलेली बैठक अधिक परिणामकारक ठरते. २०२३ मध्ये आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० ची बैठक ८४५ मिमी.वरून ८२५ मिमी.वर आणता येते. वरील उदाहरणात चिमटा २५ मिमी. सरकवूनही एवढ्या उंचीचा निम्मासुद्धा लाभ झाला नव्हता. जाड तळाचे बूट व थांबताना एकच पाय पक्का टेकण्याचा सराव यांचाही उपयोग होतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील असे बदल करण्यास मनाई आहे. तेव्हा प्रथम बैठक, नंतर मागील व पुढील भाग समप्रमाणात आणि तेही उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत, हा क्रम सर्वांत सुरक्षित ठरतो.