सोयाबीनला मोड आणा!

आमच्या धाराशिव जिल्ह्यात खरिपात जिकडे तिकडे सोयाबीन. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने! पण काढणी झाली की पोती आडतीवर. तेल आपल्याला, प्रथिनांची पेंड कोंबड्यांना. कोरियात याच सोयाबीनच्या मोडांची ‘कोंगनामुल’ ही साधी भाजी घरोघरी होते.

औषध लावलेले बियाणे नको, खाण्याचेच दाणे घ्यावेत. रात्रभर भिजवून चाळणीत, अंधारात ठेवा. दिवसातून तीन-चारदा पाणी घाला. मटकीसारखी घाई नको, पाच-सहा दिवसांत मोड बोटभर होतात. थोड्या पाण्यात, झाकण न उघडता आठ-दहा मिनिटे शिजवा. कच्चे खाऊ नयेत. निथळून मीठ, ठेचलेला लसूण, भाजलेले तीळ, चमचाभर तिळाचे तेल.

मी वर लाल तिखट भुरभुरते, ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढते. सासूबाईंनी आधी नाक मुरडले. आता चाळणीवर पाणी त्याच घालतात.