आधी जपा, मग पुसा!

2005 साली मी सातवीत होते. शाळेचा संगणक बिघडला. सरांनी कंपनीने दिलेली रिकव्हरी सीडी घातली, पडद्यावरची सूचना न वाचताच 'होय' म्हटलं. तासाभरात विंडोज एक्सपी नवीकोरी! पण आम्ही वर्षभर काढलेली चित्रं? गेली की हो सगळी!

अशी सीडी सहसा बिघाड शोधत बसत नाही. पाटी पुसावी तशी हार्ड डिस्क पुसते आणि संगणक विकत घेताना होता तसा करून देते. आता बऱ्याच संगणकांत ही सोय आतच असते. पण सूचना वाचायलाच हवी.

म्हणून आधी चित्रं, फोटो पेनड्राइव्हवर घ्या. दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. मगच 'होय' म्हणा. विंडोज पुन्हा मिळते. तुमचं चित्र नाही!