अमावास्येचा खजिना

दोस्तांनो, समजा तुम्ही वरळीला राहता. सुट्टीत सगळ्या गँगने सहलीचा बेत ठरवलाय. कोण काय डबा आणणार, तेही ठरलंय. आणि आदल्या रात्री आजी भिंतीवरचं कॅलेंडर बघून म्हणते, "अगं बाई, उद्या अमावास्या! कुठ्ठं जायचं नाही."

झालं! सगळ्यांचे चेहरे पडले. पण थांबा. सहल रद्द करू नका आणि आजीशी भांडूही नका. त्या 'अशुभ' दिवसाचाच खेळ करू या!

या खेळाला म्हणतात जिओकॅशिंग. उपग्रहांच्या मदतीने लपवलेला डबा शोधायचा. २ मे २००० रोजी अमेरिकेने सामान्य लोकांनाही उपग्रहांचे अचूक संकेत खुले केले. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉन राज्यातल्या झाडीत एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. नियम सोपा : डबा शोधा, आतल्या वहीत नाव लिहा, एखादी वस्तू घ्या आणि बदल्यात एक ठेवा. आता तर घरातल्या मोबाइलवरही अक्षांश-रेखांश दिसतात.

पण जंगल कुठलं? धारावी आणि माहीमच्या मधलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान! वरळीहून फार लांब नाही. एके काळी तिथे शहराचा कचरा टाकत, बरं का. आज तिथे ३७ एकरांवर दाट झाडी आहे. आधी उद्यानाची परवानगी घ्या. एखाद्या ताईने किंवा काकांनी पुढे जाऊन चार डबे ठेवायचे. खणायचं नाही, फांदी मोडायची नाही आणि परतताना सगळे डबे उचलून आणायचे. शेवटच्या डब्याला तीन आकडी कुलूप. ते आकडे पहिल्या तीन डब्यांत मिळतील.

पहिला डबा : नकोसा आकडा. स्पेन आणि ग्रीसमध्ये १३ तारखेचा मंगळवार वाईट मानतात. आणि आपल्याकडे? मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहायला जागा नसते! इटलीत तर १३ नाही, १७ आकडा अशुभ. आता १७ मधून १३ वजा करा. आले ४. हाच तुमचा पहिला आकडा. गंमत म्हणजे जपानमध्ये ४ च नकोसा, कारण 'चार' आणि 'मृत्यू' या दोन्हींचा तिथे एक उच्चार सारखाच आहे : 'शी'!

दुसरा डबा : शुक्रवार, १३ तारीख. इंग्लंड-अमेरिकेत अनेकांना या दिवसाची धास्ती. पण असा शुक्रवार दर वर्षी एकदा तरी येतोच. एका वर्षात जास्तीत जास्त किती वेळा येईल? कॅलेंडरं चाळा. उत्तर : ३.

तिसरा डबा : अमावास्या. हा डबा मिठी नदीच्या बाजूला, खारफुटी दिसेल अशा ठिकाणी ठेवा. अमावास्येला सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या एकाच बाजूला येतात. दोघं मिळून समुद्राचं पाणी ओढतात, म्हणून मोठी भरती येते. पौर्णिमेलाही तसंच. वरळी कोळीवाड्यात विचारा. ते याला उधाण म्हणतील आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांग. भरतीची वेळही तिथीवरून काढता येते. तिथीची पाऊणपट करा : अष्टमी म्हणजे ८, त्याची पाऊणपट ६. म्हणजे साधारण सहाला भरती. मिळाला तिसरा आकडा! अमावास्येची भरती साधारण बाराला.

म्हणजे आजीचं अगदीच चूक नव्हतं. उधाणाच्या वेळी वरळीच्या खडकांवर जाऊ नका, हे खरंच. पण ते पाण्यामुळे, नशिबामुळे नव्हे. आणि आजीला हळूच विचारा, "दिवाळीचं लक्ष्मीपूजन कधी असतं गं?" अमावास्येलाच की! तमिळनाडूत तर अमावास्येला मुद्दाम नवी कामं सुरू करतात.

आता लावा ४-३-६. उघडलं कुलूप! आत आहे एक कोरी वही. हाच खजिना.

हसू नका. वर्षभर एकाने रोज लिहायचं, आज काय चांगलं घडलं आणि काय वाईट. त्याने तिथी बघायची नाही. वर्ष संपल्यावर दुसऱ्याने कॅलेंडर घेऊन अमावास्यांवर खुणा करायच्या आणि मोजायचं. अमावास्येला पडलो की ते लक्षात राहतं. एरवी पडलो ते विसरतो. वही मात्र विसरत नाही.

एवढा खटाटोप कशाला? सहल चुकली तर फारसं बिघडत नाही. पण तापाने फणफणलेल्या बाळाला "आज दिवस बरा नाही, उद्या नेऊ दवाखान्यात" असं म्हटलं तर? अशा भीतीला प्रश्न विचारायला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्राला शिकवलं. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. पण त्यांची समिती थांबली नाही. तिचे कार्यकर्ते अमावास्येच्या रात्री चक्क स्मशानात सहल काढतात!

आपली सहल मात्र दिवसाउजेडी, मोठ्यांना सोबत घेऊन. आणि हो, आजीलाही बरोबर न्या. तिसऱ्या डब्याचं गणित ती तुमच्याआधी सोडवेल! मग काय, पुढची अमावास्या कधी आहे? बघा बरं कॅलेंडर!