घटक ४ : ताम्रपटातील गावे आणि आजची वाट – वर्धा जिल्ह्यातील एक अभ्याससहल

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
• वर्धा जिल्ह्यातील प्रमुख पुरास्थळांची ओळख करून देता येईल.
• जुन्या लेखांतील ग्रामनामे आणि आजची ग्रामनामे यांचा संबंध ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांच्या आधारे तपासता येईल.
• आख्यायिका, नाव, लेख आणि उत्खनन या चार प्रकारच्या पुराव्यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• आपल्या परिसरातील एखाद्या स्थळाची पद्धतशीर नोंद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्राकृतातून मराठीकडे येताना झालेली ध्वनिपरिवर्तने पाहिली. ती पाठ करताना अनेकांना कोरडी वाटतात. ‘स्वरमध्यस्थ ट् चा ड् होतो’ हे वाक्य वहीत उतरून घेतले तरी त्याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. या घटकात आपण ते नियम सोबत घेऊन प्रवासाला निघणार आहोत.

अशा प्रवासाची मराठीला जुनी सवय आहे. महानुभाव पंथातील ‘स्थानपोथी’ या ग्रंथात चक्रधरस्वामी ज्या ज्या ठिकाणी गेले, राहिले त्या स्थानांची वर्णने आहेत. गाव कोणते, देऊळ कोठे, त्याचे दार कोणत्या दिशेस, अशा तपशिलांची नोंद करण्याची ही शिस्त आपणही या सहलीत पाळावयाची आहे.

सहल एका दिवसाची नाही. सवडीनुसार दोन किंवा तीन सुट्यांत ती विभागता येईल. प्रत्यक्ष जाणे शक्य नसल्यास तालुक्याचा नकाशा समोर ठेवून हा घटक वाचावा.

४.२ विषयविवेचन

४.२.१ आरंभ : जिल्ह्याचे नाव

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. त्याचे मुख्यालय प्रथम पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी नवे शहर वसविण्यात आले आणि जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहणाऱ्या नदीचे नाव त्यास मिळाले. म्हणजे शहर अलीकडचे, परंतु नाव जुने.

ही नदी म्हणजे संस्कृत साहित्यातील ‘वरदा’ असे मानले जाते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या अखेरीस विदर्भाचे राज्य यज्ञसेन आणि माधवसेन या दोघांत विभागले जाते आणि वरदा नदी ही त्यांमधील सीमा ठरते. आता येथेच थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. ‘वरदा’चे ‘वर्धा’ होताना द् चा ध् कसा झाला, याचे उत्तर आपण शिकलेल्या नियमांत मिळत नाही. ‘वर्धन’, ‘वृद्धी’ अशा परिचित शब्दांच्या ओढीने नावाचे रूप बदलू शकते. तेव्हा ही ओळख केवळ ध्वनिसाम्यावर उभी नाही; विदर्भाला दुभागणाऱ्या नदीच्या भौगोलिक स्थानाचा तिला आधार आहे. नाव आणि स्थान हे दोन्ही पुरावे एकत्र वाचावयाचे असतात, हा आपल्या सहलीचा पहिला धडा.

४.२.२ पवनार : पांढरी आणि धाम

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागल्यावर थोड्याच अंतरावर धाम नदीच्या काठी पवनार लागते. गावात शिरताना जमिनीचा चढ आणि मातीचा रंग पाहा. आपल्याकडे शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. शतकानुशतके भिंती पडतात, चुलीतील राख साचते, त्याच जागी पुन्हा घरे उभी राहतात. अशा रीतीने मातीचा रंग बदलतो आणि टेकाड वाढत जाते. पुरातत्त्वज्ञ ज्याचा शोध घेतात ती गोष्ट शेतकऱ्याच्या भाषेने एका शब्दात फार पूर्वीच नोंदवून ठेवली आहे.

१९६७ साली शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठाच्या वतीने पवनार येथे उत्खनन केले. काळ्या-तांबड्या मृद्भांड्यांच्या काळापासून मध्ययुगापर्यंत या जागी वस्ती होती, असे त्यातून दिसून आले. म्हणजे आज आपण ज्या गल्लीत उभे राहतो तिच्याखाली अनेक गावे एकावर एक पुरलेली आहेत.

नदीच्या पलीकडील तीरावर विनोबा भावे १९३८ साली राहावयास आले. आपल्या निवासाला त्यांनी दिलेले ‘परंधाम’ हे नाव भाषेच्या विद्यार्थ्याने जरूर उलगडून पाहावे. परमेश्वराचे परम स्थान हा त्याचा एक अर्थ आणि धाम नदीच्या पलीकडचे हा दुसरा. येथील जमीन खणताना प्राचीन मूर्ती व शिल्पपट सापडले. त्यांपैकी राम-भरत भेटीचे म्हणून ओळखले जाणारे शिल्प आश्रमात प्रतिष्ठापित केलेले आहे. १९५९ साली विनोबांनी येथे स्त्री-साधकांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. शिल्पे पाहताना ही साधनेची जागा आहे याचे भान ठेवावे; छायाचित्रे घेण्यापूर्वी अनुमती मागावी.

४.२.३ पवनार म्हणजे प्रवरपूर काय?

इसवी सनाच्या पाचव्या शतकात विदर्भावर वाकाटक राजघराण्याच्या ज्या शाखेचे राज्य होते, तिच्यात दुसरा प्रवरसेन हा राजा होऊन गेला. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. मुले लहान असताना राज्यकारभार तिने पाहिला. प्रवरसेनाचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धन येथून दिलेले आहेत, तर नंतरच्या अनेक ताम्रपटांत ‘प्रवरपूर’ हे नाव येते. राजधानी हलविली गेली, हे उघड आहे. ती कोठे हलविली?

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रवरपूर म्हणजेच पवनार असे मत मांडले. पवनारच्या शिल्पपटांत त्यांना रामकथेतील प्रसंग दिसले. प्रवरसेनाच्या नावावर असलेले ‘सेतुबंध’ हे माहाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्यही रामकथेवरच आहे. आपल्या भाषेच्या पूर्वपरंपरेतील एक थोर काव्य ज्याच्या नावावर आहे, तो राजा या नदीकाठी राहत होता काय, हा प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्याला जवळचा वाटावा असाच आहे. म्हणूनच त्याचे उत्तर भावनेने न देता पुराव्याने द्यावयास हवे.

प्रथम नावाचा पुरावा पाहू. शब्दारंभीच्या ‘प्र’चा ‘प’ होतो, त्यामुळे प्रवर > पवर ही पायरी नियमास धरून आहे. परंतु ‘-पुर’चे मराठीत ‘-पूर’ राहावयास हवे किंवा प् चा लोप होऊन ‘-ऊर’ व्हावयास हवे. ‘-नार’ हा शेवट ‘-पुर’पासून सहज सिद्ध होत नाही. तो ‘नगर > नअर’ या वाटेने येऊ शकतो. जीर्णनगर > जुन्नर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तेव्हा केवळ ध्वनिनियमांवर विसंबून प्रवरपूर > पवनार असे समीकरण मांडता येत नाही.

दुसरा पुरावा आख्यायिकेचा. पवनारला पवन नावाचा राजा होता, त्याच्याजवळ परीस होता, रयतेकडून तो करादाखल केवळ नांगराचे लोखंडी फाळ घेई आणि परिसाने त्यांचे सोने करी, अशी कथा सांगतात. या ‘पवन’ राजात ‘प्रवर’सेनाची धूसर आठवण उरली असेल, असे म्हणता येते. परंतु गावाच्या नावावरूनच राजाचे नाव घडविले गेले असणेही तितकेच शक्य आहे. आख्यायिका गावाचे मन सांगते. तिच्यावरून सन ठरविता येत नाही.

तिसरा पुरावा उत्खननाचा. रामटेकजवळील मनसर येथे १९९७-९८ पासून ज. प्र. जोशी आणि अ. कृ. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनने झाली. तेथे विटांच्या मोठ्या वास्तूंचे अवशेष मिळाले आणि मनसर हेच प्रवरपूर असे मत त्यांनी मांडले. पवनारच्या शिल्पपटांचा मिराशींनी लावलेला अर्थही सर्व अभ्यासकांनी स्वीकारलेला नाही.

या वादाशेजारी नगरधनचे उदाहरण ठेवून पाहा. रामटेकजवळील नगरधन म्हणजे जुने नंदिवर्धन, हे मत आधीपासून होते. अलीकडील उत्खननात तेथे प्रभावतीगुप्तेचे नाव असलेली मातीची मुद्रा मिळाली आणि त्या मताला भक्कम आधार लाभला. प्रवरपुराच्या बाबतीत पवनारला असा कोरीव पुरावा अद्याप हाती आलेला नाही. म्हणून आपल्या उत्तरपत्रिकेत ‘पवनार हेच प्रवरपूर’ असे न लिहिता ‘मिराशींच्या मते पवनार हे प्रवरपूर होय’ असे लिहावे. विद्वत्तेचा प्रामाणिकपणा अनेकदा अशा दोन शब्दांत असतो.

४.२.४ हिंगणघाट ते मांडगाव : ताम्रपटाच्या सीमेवरून

वाकाटकांच्या ताम्रपटांतील अक्षरांच्या माथ्यावर लहान चौकोन असतात. म्हणून त्या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. भाषा संस्कृत, परंतु ग्रामनामे मात्र त्या काळच्या बोलीच्या जवळची. दान दिलेले गाव नेमके कोणते हे पुढे वादात पडू नये म्हणून शेजारच्या गावांची नावे सांगण्याची पद्धत होती. त्या सावधपणामुळे आज आपल्याला पाचव्या शतकातील शिवाराचा नकाशा मिळतो.

हिंगणघाट परिसरातील जांब येथे प्रवरसेनाच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षाचा ताम्रपट मिळाला. त्यात सुप्रतिष्ठ नावाच्या आहारातील, म्हणजे प्रशासकीय विभागातील, कोथुरक हे गाव दान दिल्याची नोंद आहे. सीमा सांगताना उमा नदी आणि मंडुकिग्राम, चिंचापल्ली, बोंथिकवाटक ही गावे येतात. मिराशींनी उमा म्हणजे वणा नदी आणि मंडुकिग्राम म्हणजे वणेच्या काठचे मांडगाव असे ठरविले. आता आपले नियम लावून पाहा :

(अ) मंडुकिग्राम > मांडगाव : स्वरमध्यस्थ क् चा लोप, मधल्या दुर्बल स्वरांचा लोप आणि आद्य स्वराचे दीर्घीकरण यांतून ‘मांड-’ सिद्ध होते. ‘ग्राम’मधील र् जाऊन ‘गाम’ आणि म् चा अनुनासिक व् होऊन ‘गाव’.
(आ) चिंचापल्ली > चिंचोली : स्वरमध्यस्थ प् चा व्, ‘अव’चा ‘ओ’. जोड ‘ल्ल’चा मराठीत ‘ल’ राहतो, तर एकेरी स्वरमध्यस्थ ‘ल’चा ‘ळ’ होतो. म्हणूनच आपण ‘चिंचोली’ म्हणतो, ‘चिंचोळी’ नव्हे.
(इ) -वाटक > -वाडा : स्वरमध्यस्थ ट् चा ड्, क् चा लोप.

दीड हजार वर्षे झाली, राजवटी आल्या आणि गेल्या; परंतु चिंचेवरून गावाला नाव देण्याची रीत टिकून राहिली. दान दिलेले कोथुरक मात्र नाहीसे झाले आणि त्याची केवळ सीमा सांगणारे गाव आजही नांदते आहे.

प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटातही याच सुप्रतिष्ठ आहारातील दंगुण गाव दान दिलेले आहे. मिराशींच्या मते दंगुण म्हणजे हिंगणघाट. ताम्रपट पुण्यात उजेडात आला, जमीन मात्र वणेच्या खोऱ्यातील. दानपत्र वारसांबरोबर प्रवास करते, जमीन जागीच राहते. तेव्हा ताम्रपट जेथे मिळाला तेच स्थळ, असे कधीही गृहीत धरू नये.

याच ताम्रपटात ‘शीर्षग्राम’ हे नाव आहे. त्यापासून ‘सिरसगाव’ नियमाने सिद्ध होते. परंतु शिरीष वृक्षावरून पडलेले ‘शिरीषग्राम’ही ‘सिरसगाव’च होईल, आणि महाराष्ट्रात या नावाची गावे पुष्कळ आहेत. म्हणून एका नावावर न थांबता शेजारची आणखी दोन-तीन नावे जुळतात का, हे पाहावे लागते.

४.२.५ केळझर : परंपरा आणि व्युत्पत्ती

वर्धा-नागपूर मार्गावर सेलू ओलांडल्यावर केळझर येते. येथील टेकडीवरील गणपतीचे देवस्थान प्रसिद्ध आहे. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच आणि भीमाने बकासुरास येथेच मारले, अशी स्थानिक श्रद्धा आहे. ‘केळझर’ या नावात ‘केळ’ आणि ‘झर’ हे घटक दिसतात. ‘एकचक्रा’पासून ते नाव सिद्ध होत नाही. देशात इतरही गावे हा मान सांगतात. तरीही ही श्रद्धा टाकाऊ नव्हे. आपल्या गावाला महाभारताच्या नकाशावर स्थान असावे, असे एखाद्या समाजाला का वाटते, हा सांस्कृतिक अभ्यासाचा विषय आहे.

४.२.६ खैरवाडा : नावांच्याही आधी

‘-वाटक > -वाडा’ या नियमाची आठवण करून देणारे खैरवाडा हे स्थळ मात्र आपल्याला कोणत्याही ताम्रपटाच्या पलीकडे नेते. येथे महापाषाणयुगीन शिळावर्तुळे आहेत. मोठे दगड वर्तुळाकार मांडून आत मृतांचे अवशेष व वस्तू ठेवण्याची ही पद्धत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात रूढ होती. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड येथील उत्खननांतून या लोकांचे लोहकाम आणि घोड्यांशी असलेले नाते समजले. त्यांची भाषा कोणती, हे सांगणारे एकही अक्षर त्या दगडांवर नाही. भाषाभ्यासकाने नम्र व्हावे अशी ही जागा आहे.

४.३ सहलीवर असताना

शिळावर्तुळातील दगड हलवू नयेत. पांढरीत खापर दिसल्यास ते जागीच ठेवून स्थान, दिनांक व वर्णन वहीत नोंदवावे. जागेवरून उचललेले खापर निम्मे मुके होते. नांगरताना किंवा पाया खणताना नाणी, ताम्रपट यांसारखे काही सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे आवश्यक असते. ताम्रपट हे तांबे म्हणून वितळविले गेले, तर एका गावाची जन्मनोंदच नाहीशी होते. आपणांपैकी अनेक जण शेतकरी कुटुंबांतील आहेत. म्हणून ही सूचना औपचारिक समजू नये. पुढचा ताम्रपट एखाद्या विद्यापीठाला नव्हे, तर आपल्याच नांगराला लागण्याची शक्यता अधिक आहे.

४.४ सारांश

ग्रामनाम हा पुरावा आहे, परंतु एकटा पुरेसा नाही. ध्वनिनियम शक्यता दाखवितात, भूगोल ती पडताळतो, लेख तिला काळ देतो आणि उत्खनन तिला आधार देते किंवा ती खोडून काढते. आख्यायिका लोकमानस उलगडते. मांडगावच्या बाबतीत नाव आणि नदी यांचा मेळ बसतो. पवनारच्या बाबतीत प्रश्न खुला आहे.

४.५ स्वाध्याय

१. ‘चिंचोली’ या नावात ‘ळ’ न येता ‘ल’ का येतो, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. पवनार-प्रवरपूर समीकरणाच्या बाजूचे व विरोधी पुरावे मांडून आपले मत लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावाचे नाव, शेजारच्या चार गावांची नावे, जवळची नदी किंवा ओढा आणि ‘पांढरी’ची जागा यांची नोंद करा. गावातील किमान दोन वृद्ध व्यक्तींकडून नावाची कथा ऐकून ती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यानंतरच व्युत्पत्तीचा विचार करा.